तणमोर दिसला म्हणे

२८ जून
पोचलो. रोहण्यापुढे कच्चा रस्ता, त्यापुढे तोही नाही. बाइक काळ्या मातीत अशी रुतली की लक्ष्मणरावांना बैल लावून ओढावी लागली. खोली त्यांच्याच गोठ्याला लागून. भाडं घेत नाहीत. बायको देवकाबाई म्हणाल्या, सायबाचं जेवण आमच्यातच. मी म्हटलं, मला फील्डची सवय आहे, स्वतः करून खाईन. रात्री खिचडी लागली. त्यांच्याकडेच जेवलो.

रोजनिशी लिहायची कारण उद्या तणमोराची नोंद झाली की लोक विचारतील, कसा शोधलात? तेव्हा सगळं हाताशी हवं.

काम सोपं आहे. तणमोर म्हणजे कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात नर काळाभोर होतो, कानामागे तुरे येतात, आणि मादीला दिसावं म्हणून गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी मारतो. दिवसभर. असा उड्या मारणारा प्राणी शोधायला काय अवघड? दत्तोपंत सरांनी तरुणपणी तो इथेच, या कुरणात पाहिला होता. त्यानंतर कोणाला नाही. सर होळीपासून नालवाडीला घरीच पडून आहेत. निघताना पाया पडलो तर म्हणाले, चंदन, एकदा त्याचा आवाज ऐकव रे. म्हटलं सर, पंधरा दिवस द्या.

२९ जून
संकल्प: रोज पहाटे साडेचारला कुरणात. चहा दिवसातून दोनदाच. मोबाइल फक्त कामापुरता.

३० जून
सात वाजता उठलो. बैलांमुळे झोप झाली नव्हती.

४ जुलै
कुरण फिरून झालं. पूर्वी ते टेकडीपर्यंत होतं म्हणे. आता अर्ध्यावर सोयाबीन, पलीकडे कोणाचा तरी प्लॉट, तारा ओढलेल्या. राहिलंय तेवढं पुरे. पक्ष्याला काय, सातबारा थोडाच लागतो.

हिरवी जाळी लावून लपण तयार केलं. आत बसलं की मी कोणालाच दिसत नाही. सर म्हणायचे, फील्डमध्ये निम्मं काम म्हणजे नुसतं बसणं. मी बसण्यात पहिल्यापासून तरबेज आहे.

५ जुलै
लहानूच्या म्हशीने लपण खाल्लं. जाळी नाही, जाळीवर खोचलेलं गवत. मी आत होतो. लहानू गुराखी, पन्नाशीचा, गावातली सगळी गुरं त्याच्याकडे. म्हणाला, तिले काय माहीत सायेब तुमी आंत बसून राह्यले म्हून. म्हणजे लपण उत्तम झालं होतं, हे सिद्ध झालं.

१० जुलै
नुसतं बसून भागणार नाही. मॉडर्न पद्धत हवी: लोकल नॉलेज. फोटो दाखवायचा, पाहिला का विचारायचं, फॉर्मवर टिक करायची. सकाळी कुरणात जाता जाता वाटेवरच्या घरांत विचारायचं, म्हणजे वेगळा वेळ जात नाही. टाइम मॅनेजमेंट.

११ जुलै
मानलं आपण स्वतःला! खांद्यावर बॅग, गळ्यात दुर्बीण, पहिल्याच दारात देवकाबाई. फोटो दाखवला. म्हटलं, हा पक्षी पाहिलाय का हो कधी? क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, हाव ना, पाह्यला ना. लक्ष्मणराव म्हणाले, मागल्या पावसाळ्यात नाल्याकडं होता. लहानू म्हणाला, परवाच त उडून राह्यला होता, लय उंच.

परवा! मी परवा होतो कुठे? आठवलं. पावसाने कपडे वाळले नाहीत म्हणून खोलीत होतो.

१२ जुलै
आजही तेच. सगळं गाव पाहतंय, मीच काय तो राहिलोय. गावच्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढलं की टॉवर येतं. वर जाऊन सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, खरंच? आवाज बसल्यासारखा वाटला. एसीत झोपतात, दुसरं काय. सरांच्या पत्नी सरोजिनीकाकूंना म्हटलं, हळदीचं दूध द्या. त्या म्हणाल्या, रविवारी येऊन जा ना रे, सारखी तुझी आठवण काढतात. म्हटलं, काकू, रिकाम्या हाताने नाही येणार.

१८ जुलै
पेपरचं शीर्षक ठरलं. प्रेस नोटही लिहून ठेवली, ऐन वेळी गडबड नको. आर्वीहून नवा शर्ट आणला, खाकी, चार खिशांचा. देवकाबाई म्हणाल्या, पोष्टमन दिसता. साधी बाई आहे.

पक्षी अजून नाही. पण डेटा भरपूर.

२३ जुलै
आवाज!!! कुरणात लावलेल्या रेकॉर्डरमध्ये पहाटेचा आवाज, टर्रर्र, मग थोडं थांबून पुन्हा टर्रर्र. पुस्तकात लिहिलंय तस्साच. टाकीवर धावलो, क्लिप सरांना पाठवली. आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. लग्न ठरलं तेव्हाही नाही. मोडलं तेव्हा थोडाफार झाला होता.

२४ जुलै
सरांचं उत्तर आलं. बेडूक.

बेडूकच असेल. सरांचं म्हणजे शेवटचा शब्द. पण बेडूक आहे म्हणजे अधिवास चांगला आहे, हेही काही कमी नाही. रात्री जेवलो नाही. भूक नव्हती. देवकाबाई दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या.

२५ जुलै
सकाळी निघताना लहानू मुद्दाम आडवा आला. म्हणाला, सायेब, काल सांजच्याले दिसला, टेकडीकडं. किती बरं वाटलं! न्याहारीला दोन भाकरी खाल्ल्या. टेकडीकडे दिवसभर बसलो. वारा होता, म्हणून आला नसावा.

३१ जुलै
काकूंचा फोन. सर आता उठत नाहीत म्हणाल्या. अंथरुणातच सगळं. डॉक्टर येऊन गेले, पुढचं काही सांगणार होत्या, तेवढ्यात टॉवर गेलं. पुन्हा लावता आला असता, पण ढग भरून आले होते आणि ढगाळ हवेत तणमोर जास्त उड्या मारतो. सर स्वतःच ओरडले असते, फोन ठेव आणि कुरणात जा म्हणून.

सरांना विश्रांतीची गरजच होती. आयुष्यभर बसले नाहीत कुठे.

५ ऑगस्ट
सरांचाच फोन. आवाज इतका बारीक की मला पायरीवर कानात बोट घालून ऐकावं लागलं. म्हणाले, फॉर्ममध्ये एक खोटा पक्षी टाक. या देशात सापडतच नाही असा. लोकांना तोही दाखव आणि काय सांगतात ते बघ. म्हटलं सर, हा माझ्या माणसांचा अपमान आहे. लक्ष्मणराव माझ्याशी खोटं बोलतील? सर म्हणाले, टाक.

टाकतो. सरांचं समाधान. आफ्रिकेतला तो मोठा क्रौंच घेतला, डोक्यावर सोनेरी काड्यांचा मुकुट असलेला. लहान पोरगंही ओळखेल की हा इथला नव्हे. दुकानातून कलर प्रिंट काढून आणली.

८ ऑगस्ट, सकाळ
देवकाबाई: हाव ना, पाह्यला ना. लक्ष्मणराव: जोडी होती जी, सोयाबीनमंदी. लहानू: हा त लय येते इकडं, म्हशीच्या पाठीवर बी बसते.

हा पक्षी माझ्या कमरेपेक्षा उंच असतो.

त्याच दिवशी, दुपार
शांतपणे विचार केला. शक्यता एक, प्राणिसंग्रहालयातून सुटलेली जोडी. शक्यता दोन, हवामानबदलामुळे समुद्र ओलांडून आलेले. दोन्ही गोष्टी सनसनाटी आहेत. म्हणजे एकाच सीझनमध्ये दोन पेपर! दुसऱ्याचं शीर्षकही सुचलं: भारतातील पहिली नोंद. शर्ट एकच आहे, पण फोटो वेगवेगळ्या दिवशी काढता येतील.

९ ऑगस्ट
सरांना आनंदाने सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज, मग खोकला, बराच वेळ खोकला, मागे काकूंची धावपळ. थांबल्यावर सरांनी एकच विचारलं. चंदन, तू त्यांना किती वाजता विचारतोस?

म्हटलं, सकाळी. निघताना. टाइम मॅनेजमेंट.

सर म्हणाले, एकदा संध्याकाळी विचार. बॅग खाली ठेव, दुर्बीण काढ, जेवण झाल्यावर बस आणि विचार.

काय फरक पडणार आहे? पक्षी सकाळी पाहिला काय नि संध्याकाळी सांगितला काय.

१० ऑगस्ट
आज विचारणार होतो. लक्ष्मणराव फवारणीने थकले होते. बरं दिसत नाही.

१२ ऑगस्ट
आज विचारणार होतो. झुणका फार छान झाला होता, विषय काढवेना.

१३ ऑगस्ट
संकल्प: उद्या नक्की.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ
विचारलं.

जेवण झालं होतं. देवकाबाई चुलीपाशी भांडी आवरत होत्या. मी बॅग खोलीत ठेवून आलो होतो, अनवाणी. तणमोराचा फोटो पुढे धरला आणि म्हटलं, बाई, खरं सांगा. हा पाहिलाय का तुम्ही?

त्यांनी फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, नाई जी.

म्हटलं, मग त्या दिवशी हो काऊन म्हटलं? (माझ्याही तोंडात आता काऊन बसलंय.) तर त्यांनाच नवल वाटलं. कामाले निघालेल्या माणसाले कोनी नाई म्हन्ते का? बॅग खांद्यावर घेऊन दारात उभे होते तुमी. सक्काळी सक्काळी नाई म्हटलं त दिवस खराब जाते मानसाचा. मुकुटवालाही त्यातलाच. त्यांना वाटलं, हा दुसरा हरवला असेल सायबाचा.

मी लहानूचं विचारलं. लहानू तर निघताना नाही, मुद्दाम येऊन सांगत होता. देवकाबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, मीनंच सांगतलं होतं त्याले. तुमी त्या राती जेवले नाई. तोंड असं झालतं तुमचं, मले पाहावलं नाई जी. म्हटलं, सांगजो रे त्या लेकराले काईतरी चांगलं.

मी चौतीस वर्षांचा आहे.

रागावणार होतो. फॉर्म, टिकमार्क, सॅम्पल, अख्ख्या सर्वेक्षणाची वाट लागली, असं बरंच काही बोलायचं होतं. पण त्यांनी पुन्हा ताट ठेवून अर्धी भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.

१५ ऑगस्ट
शाळेतलं झेंडावंदन झालं. संध्याकाळी बॅग न घेता सगळ्या घरी पुन्हा फिरलो. नाई. नाई जी. नाई ना भाऊ. लक्ष्मणराव म्हणाले, बाप होता तवा दिसे. मी लहान होतो. मंग गवतच राह्यलं नाई. लहानू मान खाली घालून उभा होता. म्हणाला, सायेब, एखांद्या टायमाले दिसन बी. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कुरणात जाऊन बसलो. वारा नव्हता, ढग होते, गवत हवं तेवढं उंच होतं. तो असता तर आज उडाला असता.

१७ ऑगस्ट
सरांना कसं सांगू?

संकल्प: जे आहे ते सांगायचं. सरांनीच शिकवलं, न दिसणं हीसुद्धा नोंद असते. मी काही बालवाडीत नाही. ते तर मुळीच नाहीत.

१८ ऑगस्ट
पाऊस. टाकीच्या पायऱ्या निसरड्या. फोन नाही केला.

१९ ऑगस्ट
पायऱ्या वाळल्या होत्या. तरी नाही केला.

२० ऑगस्ट
काकूंचाच आला. यावेळी टॉवर गेलं नाही. गेलं असतं तर बरं, असं मला वाटलं, तेही इथे लिहून ठेवतो. म्हणाल्या, चंदन, उद्याच ये. आणखी थांबू नकोस. मी विचारलं, हळदीचं दूध? त्या म्हणाल्या, बाळा, ते आता पाणीही चमच्याने घेतात.

जुलैत त्या हेच सांगत होत्या. एसी नव्हता. सरांच्या घरी एसी नाहीच. मला माहीत होतं.

२१ ऑगस्ट, नालवाडी
उद्यावर पोळा. लक्ष्मणरावांना बैल धुवायचे होते, तरी ट्रॅक्टरवर रोहण्यापर्यंत सोडलं. निघताना देवकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एसटीत सबंध वाटभर घोकत होतो. सर, नाही दिसला. सर, शोध पूर्ण झाला, निष्कर्ष नकारात्मक आहे. सर, त्यासाठी लागणारं गवतच उरलं नाही. तिन्ही वाक्यं पाठ केली. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, इंटरव्ह्यूले चालले का?

सर खाटेवर. मी ओळखलंच नसतं. एवढा दांडगा माणूस, कुरणात आमच्या पुढे चालायचा, आणि चादरीखाली काही आहे की नाही कळेना. काकूंनी उशी उंच केली. सरांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि ओठ हलले. जवळ गेलो.

दिसला? विचारत होते.

मी म्हटलं, हो सर.

कोण बोललं मला कळलं नाही. तिन्ही वाक्यं तोंडात तयार होती. मी, चंदन, पीएचडी, खाकी शर्ट घालून, त्या माणसाला हो म्हणालो.

सर बघत राहिले. मग म्हणाले, खोटं बोलतोस.

मी मान खाली घातली. काकू खिडकीकडे वळल्या. मला वाटलं आता ओरडतील, निदान तोंड तरी फिरवतील. सरांनी माझ्या हातावर बोटं ठेवली आणि म्हणाले, पण सांग. कुठून उडाला?

मग सांगितलं. नाल्याकडून सर, सकाळी, ढग होते. गवतातून एकदम काळा उठला. सर म्हणाले, एकदम नाही, आधी मान दिसते. हो सर, आधी मान दिसली. मग उडाला, पंख फडफडवले, तुरे मागे गेले. सर म्हणाले, पाय? मी पाय विसरलो होतो. सर म्हणाले, पोटाशी घेतो. हो सर, पाय पोटाशी. आणि आवाज? मी तोंडाने काढून दाखवला. सरांना हसू आलं. बेडूक, म्हणाले.

किती वेळ सांगत होतो काय माहीत. मधेच डोळे मिटत, मी थांबलो की बोट हले. पुन्हा उडवायचा. चुकलं की दुरुस्त करत. शेवटी मला तो खरंच दिसायला लागला होता. मी रडत होतो आणि सांगत होतो, लाज वाटली नाही.

झोपण्याआधी सर म्हणाले, रिपोर्टमध्ये शून्य लिही हं.

२३ ऑगस्ट
सर गेले. सकाळी.

जूनपासून किती रविवार आले. नालवाडी काय लंडनला आहे?

२ सप्टेंबर
कुरणात परत. सामान आवरायचं आहे. रेकॉर्डर काढला. गुरं, पाऊस, बेडूक, लहानूचं शिव्या घालणं. एका ठिकाणी मीच मोठमोठ्याने स्वतःला सांगतोय, आज नक्की. ते पुसून टाकलं.

गावात सरांचं कळलंय. सकाळी निघालो तर कोणी काही सांगितलं नाही, दिसला म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. लहानू म्हशी घेऊन माझ्याबरोबर कुरणापर्यंत चालत आला.

६ सप्टेंबर
रिपोर्ट लिहायला घेतला. पानं सगळी झाली, तो एक आकडा सोडून. उद्या टाकेन.

७ सप्टेंबर
उद्या.

९ सप्टेंबर
टाकला. शून्य. टाकीच्या पायऱ्यांवर बसून पाठवला. मी त्याला न दिसणं म्हणालो, ढग म्हणालो, वारा म्हणालो, कपडे ओले म्हणालो. तो नाहीये. या कुरणात तणमोर नाहीये, आणि सरही नाहीत.

खाली उतरत होतो तेवढ्यात काकूंचा फोन. म्हणाल्या, रोज या वेळेला ते मला तुला फोन लावायला सांगायचे, बहुतेकदा लागायचाच नाही, म्हणून लावला. आणि सर विचारायचे तसंच विचारलं. दिसला का रे?

नाही काकू, म्हटलं. नाही दिसला.

बरं, म्हणाल्या. मग विचारलं, जेवलास का?

त्यालाही नाहीच म्हटलं.